मदत हवी आहे: कब पॅकच्या मुक्कामी कॅम्पसाठी ‘बालू’ प्रशिक्षण

न्यू जर्सीत कुणी कबमास्टर (कब पॅकचा, म्हणजे लहान स्काउट मुलांच्या गटाचा प्रमुख) किंवा डेन लीडर (पॅकमधल्या छोट्या तुकडीचा प्रमुख) आहे का? स्काउटिंग अमेरिकेच्या (पूर्वीची बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका) नियमानुसार पॅकच्या मुक्कामी कॅम्पला ‘बालू’ (BALOO, लीडरांसाठीचं मैदानी कॅम्पचं प्राथमिक प्रशिक्षण) पूर्ण केलेला किमान एक लीडर लागतो. आमच्या लीडरचा ऑनलाइन भाग झालाय, प्रत्यक्ष मैदानावरचा राहिलाय. आणि नुसत्या ऑनलाइनवर प्रशिक्षण पूर्ण धरत नाहीत. नेमकं इथंच बहुतेक पालक फसतात. ट्रूपच्या (मोठ्या स्काउट मुलांच्या गटाच्या) स्काउटमास्टरचं मैदानी कौशल्यांचं प्रशिक्षण झालंय, पण ते बालूऐवजी चालत नाही. वुड बॅजचा (लीडरांच्या वरच्या पातळीच्या नेतृत्व प्रशिक्षणाचा) तर इथं संबंधच नाही. २१ वर्षांवरचे दोन नोंदणीकृत लीडर आहेत, त्यात एक बाई, त्यामुळे कॅम्पला मुली असल्या तर बाई लीडर लागते, तीही अडचण नाही.

शेजारच्या कौन्सिलचा (स्काउटिंगच्या दुसऱ्या विभागीय संस्थेचा) बालूचा वर्ग केला तर नोंद आपल्या खात्यावर येते ना? सभासद क्रमांक आधी द्यावा लागतो का?