कोलकात्यातील पहिला दिवस नेमका सोमवारी येत आहे. तो कसा घालवावा?

रानवाट (अमरावती)

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझी आई आणि नववीत शिकणारी माझी मुलगी अशा आम्ही तिघी प्रथमच कोलकात्याला जात आहोत. बडनेऱ्याहून निघणारी आमची गाडी पहाटे हावड्याला पोहोचते आणि मुक्काम हाजरा चौकाजवळ आहे. मंगळवार व बुधवार यांचे बेत ठरलेले आहेत, परंतु पहिला दिवस सोमवार असून त्या दिवशी इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने बंद असतात असे कळले. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. शिवाय तिचा सोमवारचा उपवास असतो आणि तो ती संध्याकाळी सोडते. आम्ही तिघीही शाकाहारी आहोत. मुलीला मात्र गाडीतून उतरल्याबरोबर संपूर्ण शहर पाहून टाकायचे आहे. पहिला दिवस विश्रांतीत घालवावा की कसे, आणि बाहेर पडायचे तर कोठे, याविषयी तेथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

हुगळीकाठ

नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे या शहरात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सोमवारी संग्रहालये बंद असतात हे खरे. पण कचेऱ्यांचा जो भाग रविवारी ओस पडलेला असतो, तो सोमवारी पुरता जागा झालेला असतो. त्यामुळे पहिला दिवस सोमवारी आला याचे मला तरी वाईट वाटले नसते. बंद दालनांच्या दारांवर न जाता हा दिवस नदी आणि नदीकाठच्या जुन्या वस्तीला द्यावा, असे माझे मत आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. अमरावती आणि कोलकाता यांच्या रेखांशांत सुमारे १० अंशांहून थोडा अधिक फरक आहे. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे धरली, तर घड्याळ एकच असूनही तेथील सूर्य तुमच्यापेक्षा चाळीसेक मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात पाच वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो. आपल्याकडील माणसे दुपारी जेवून, वामकुक्षी घेऊन चारला बाहेर पडतात आणि तासाभरात अंधार पडलेला पाहून चकित होतात. म्हणून जे उजेडात पाहायचे ते दुपारी चारच्या आत उरकावे आणि चारनंतर एकाच ठिकाणी निवांत बसावे.

माझा सल्ला असा आहे की पहाटे उतरल्यावर सामान हावड्याच्या क्लोकरूममध्ये ठेवावे (बॅगांना कुलूप हवे, नाही तर तेथे घेत नाहीत) आणि उजाडल्यावर स्थानकासमोरच्याच घाटावरून लाँचने पलीकडे जावे. तिकीट अगदी नाममात्र असते. लाँच मधोमध आली की हावडा पूल एका नजरेत मावतो. १९४३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलाचा एकही खांब पात्रात उभा नाही. दोन्ही काठांवरच्या मनोऱ्यांनी एवढा भार पेलला आहे, आणि जोडणीत नट-बोल्ट न वापरता सारे काम रिव्हेटने केलेले आहे. पुलावरून चालत जाताना ही रचना जाणवत नाही. ती पाण्यातूनच कळते.

पुलाच्या शहराकडील टोकाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार भरतो. तेथे झेंडूच्या माळा किलोने नव्हे, तर मनगटाएवढ्या जाड दोरखंडांच्या वेटोळ्यांसारख्या हमालांच्या डोक्यावरून आणि खांद्यांवरून जाताना दिसतात. मात्र खाली चिखल, पाणी आणि सडलेल्या फुलांचा निसरडा थर असतो आणि हमाल कोणासाठीही थांबत नाहीत. आईंना खाली नेऊ नये. पुलाच्या पदपथावरून कठड्याशी उभे राहिले तरी बाजाराचा बराच भाग दिसतो.

त्यानंतर बिनय-बादल-दिनेश बाग, म्हणजे जुने डलहौसी. रायटर्स बिल्डिंग (राज्याचे जुने सचिवालय), जीपीओचा म्हणजे मुख्य टपाल कचेरीचा पांढरा घुमट आणि मधला लालदिघी तलाव ही सर्व ठिकाणे जवळजवळ असल्याने आईंना फार चालावे लागणार नाही. दुपारी याच भागात पदपथांवर कचेरीतील लोकांच्या जेवणाची जी गडबड उडते, ती पाहण्यासारखी असते आणि ती केवळ कामाच्या दिवशीच दिसते.

मधुमालती

हुगळीकाठ यांनी लिहिलेली ठिकाणे उत्तम आहेत, परंतु क्रमाबद्दल माझा स्पष्ट मतभेद आहे. वयस्कर सासू-सासऱ्यांना घेऊन मी हे शहर पाहिले आहे. रात्रभर गाडीत अवघडून झोपलेल्या आणि उपाशी असलेल्या बाईंना उतरल्या उतरल्या लाँचवर चढवणे मला पटत नाही. शिवाय हावड्याला ठेवलेले सामान घेण्यासाठी पुन्हा हावड्यालाच यावे लागते आणि मुक्काम तर दक्षिणेला हाजऱ्याला आहे. त्यापेक्षा स्थानकाबाहेरील प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पावती फाडावी आणि थेट मुक्कामी जावे. खोली लवकर मिळेल का, हे आधी फोन करून विचारावे. निदान सामान ठेवून स्नान करण्याची सोय झाली, तरी पुढचा दिवस निराळा जातो. पहाटे रस्ते मोकळे असतात आणि टॅक्सी पुलावरून जाते, त्यामुळे मुलीचे पहिले पूलदर्शन तेव्हाच होईल.

अकराच्या सुमारास, कचेरीची गर्दी ओसरल्यावर, हाजऱ्याजवळच्या जतीन दास पार्क स्थानकातून मेट्रोने एस्प्लनेड गाठावे. भारतातील पहिली मेट्रो १९८४ साली याच मार्गावर, एस्प्लनेड ते भवानीपूर अशी धावली, हे मुलीला सांगण्याजोगे आहे. एस्प्लनेडला मार्ग बदलला की पुढचेच स्थानक महाकरण. तेथे उतरल्यावर डलहौसी समोरच आहे. तीच गाडी पुढे हुगळीच्या तळाखालून हावड्याला जाते. हा नदीखालचा बोगदा २०२४ साली प्रवाशांसाठी खुला झाला. माझ्या मते जाताना बोगद्यातून हावडा आणि येताना लाँचने फेअरली घाट, असे करावे, म्हणजे एकच नदी खालून आणि वरून अशी दोन्ही प्रकारे ओलांडून होईल. नववीतल्या मुलीला याहून अधिक काही लागणार नाही.

आता उपवासाविषयी. साबुदाण्याची खिचडी रस्त्यात कोठे मिळेल, ही आशा सोडून द्यावी. फळे आणि शहाळे सर्वत्र मिळतात. शहाळ्याला तेथे डाब म्हणतात. आईंना छेन्याचे पदार्थ उपवासाला चालत असतील, तर डिसेंबरात नोलेन गुडाचा संदेश अवश्य द्यावा. खजुरीच्या रसाचा हा ताजा गूळ केवळ थंडीतच मिळतो, त्यामुळे आपल्याला उन्हाळ्यात जाऊन जो संदेश मिळतो त्यात ही चव नसते. मिठाई तेथे नगावर विकत घेता येते, पावशेर-अर्धा किलो घेण्याचे दडपण नसते. एकेक नग मागून तीन दुकानांतील तीन प्रकार चाखावेत. मिष्टी दोईचे लहान मडकेही तसेच.

संध्याकाळी उपवास सोडण्याची काळजी नको. हाजऱ्याला लागूनच भवानीपूर आहे आणि तेथे गुजराती व मारवाडी वस्ती मोठी असल्यामुळे साधी शाकाहारी थाळी सहज मिळते. बंगाली चव हवी असेल, तर लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेली चोलार दाल, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे किंचित गोडसर वरण, हा आपल्या जिभेला सर्वांत लवकर मानवणारा पदार्थ आहे. मागवताना ‘निरामिष’ असे स्पष्ट सांगावे. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी आईंना कदाचित जड जाईल.

पानसुपारी

वरील दोघांनीही सूर्यास्ताची जागा सांगितलेली नाही, म्हणून ती मी सुचवतो. शहर हुगळीच्या पूर्व काठावर वसलेले असल्याने सूर्य नदीपलीकडे, हावड्याच्या बाजूला मावळतो. त्यासाठी प्रिन्सेप घाटासारखी दुसरी जागा नाही. चारच्या सुमारास पोहोचावे. जमीन सपाट आहे, बसण्यास जागा आहे, आणि पांढऱ्या खांबांच्या त्या वास्तूमागे १९९२ साली खुला झालेला विद्यासागर सेतू दिसतो. घाट ज्यांच्या नावाचा आहे, त्या जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचे वाचन पूर्ण केले आणि अशोकाचे शिलालेख बोलू लागले. मंगळवारी इंडियन म्युझियममध्ये भारहुतच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे शिल्पांकित कठडे पाहाल, तेव्हा त्यांवरील ब्राह्मी लेख मुलीला अवश्य दाखवा.

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. १७४० च्या दशकात नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या आणि त्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती एक खंदक खणण्यास सुरुवात झाली. तो ‘मराठा डिच’ या नावाने ओळखला जातो. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला, ज्याचा उत्तरेकडील भाग आज आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग म्हणून ओळखला जातो. बंगाली आया आजही मुलांना झोपवताना ‘बर्गी’, म्हणजे मराठा स्वार, आल्याचे गातात. आपण वऱ्हाड-नागपूरकडचे आहोत असे सांगितल्यावर एखादे आजोबा हसत हसत तो विषय काढतील. त्यांचा रोख थट्टेचाच असतो. चौथाईचे समर्थन करण्याच्या भरीस पडू नये. बंगालच्या खेड्यापाड्यांनी त्या स्वाऱ्यांत जे सोसले ते आपल्या शालेय पुस्तकांत फारसे येत नाही.

रानवाट (अमरावती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधुमालतीताईंचा क्रम मान्य केला आहे: आधी मुक्काम, स्नान, मग अकरानंतर मेट्रो, डलहौसी, बोगदा, लाँच आणि शेवटी प्रिन्सेप घाट. फुलबाजार मी मुलीला घेऊन बुधवारी पहाटे स्वतंत्रपणे करीन, आई तेव्हा खोलीवर राहील. आईला संदेश उपवासाला चालतो, असे तिने मोठ्या तत्परतेने सांगितले. दोनच शंका उरल्या आहेत. लाँचवर चढताना पायऱ्या किती असतात? आणि व्हिक्टोरियाची बाग तरी सोमवारी बाहेरून पाहता येईल का?

हुगळीकाठ

क्रमाविषयी माझी हरकत नाही. आईंचा विचार करता मधुमालतीताईंचेच म्हणणे योग्य आहे.

व्हिक्टोरियाची बाग सोमवारीही खुली असते, पण ती दालनांबरोबरच पाहावी. सोमवारी तेथे वळलात, तर प्रिन्सेप घाटावरचा उजेड निसटेल. मुलीला फुचका, म्हणजे तेथील पाणीपुरी, खायचा असेल, तर तो घाटाच्या आसपासही मिळतो. उकडलेल्या बटाट्यात हरभरे आणि मसाला कालवून भरतात आणि चिंचेच्या पाण्यात बुडवून पानाच्या द्रोणात एकेक देतात. गोड चटणीची अपेक्षा ठेवू नये आणि तिखट कमी घालण्यास सुरुवातीलाच सांगावे, कारण तिसऱ्या फुचक्यानंतर सांगून उपयोग नसतो.

लाँचचा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरे झाले, कारण अडचण पायऱ्यांची नसून उताराची आहे. हुगळीला येथे समुद्राची भरती-ओहोटी लागते. लाँच तरंगत्या धक्क्याला लागते आणि काठापासून धक्क्यापर्यंत लोखंडी पूल टाकलेला असतो. भरतीला तो जवळजवळ सपाट असतो. ओहोटीला धक्का खाली गेल्यामुळे त्याला चांगलाच उतार येतो आणि दुखऱ्या गुडघ्यांना तो जाणवतो. म्हणून आदल्या रात्री फोनवर त्या दिवसाच्या भरतीची वेळ पाहून ठेवावी आणि दुपारची फेरी तिच्या आगेमागे बसवावी. वेळ जुळलीच नाही, तर परततानाही बोगद्यातूनच यावे आणि आईंना प्रिन्सेप घाटावरच्या साध्या नावेतही बसवू नये. काठावरून नदी पुरेशी दिसते. लाँचमध्ये शिरताना धक्का आणि लाँच यांच्यात वीतभर फट असते. तेथील खलाशी न मागता हात देतात, तो आईंनी निःसंकोच धरावा.