मानसोपचार संशोधनाची लॅब सांभाळायची आहे, जीवशास्त्रवाल्याने आधी काय शिकावं?

द्राक्षवेल
नमस्कार. नाशकातल्या एका मानसोपचार केंद्रात संशोधन प्रयोगशाळेसाठी लॅब मॅनेजर हवा आहे. माझी एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानात झाली आहे. एलायझा (प्रथिनं, संप्रेरकं मोजायची चाचणी) आणि पीसीआरची (डीएनए वाढवून तपासायची) सवय आहे, पण आजवरचं काम द्राक्षावरच्या केवडा-भुरी या रोगांचं. तिथे नैराश्याच्या रुग्णांचं रक्त आणि लाळ उपचाराआधी व आठ आठवड्यांनी घ्यायची, कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) आणि बीडीएनएफ (मेंदूतल्या पेशी जगवणारं प्रथिन) मोजायचं, सोबत प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. रुजू होण्याआधी काय पक्कं करू? पीएच.डी. नसताना या वाटेने पुढे जाता येतं का?

नमुनापेटी
मशीन तुम्हाला येतंच. शिकायचं आहे ते नमुना मशीनपर्यंत पोचण्याआधीचं.

कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. म्हणून लाळेच्या नळीवर नुसतं ‘सकाळ’ लिहून भागत नाही. जाग आली ती वेळ आणि नमुना घेतला ती वेळ, दोन्ही मिनिटांसकट हव्यात. पहिला नमुना जाग येताच, मग ३० आणि ४५ मिनिटांनी. तोवर चहा नाही, दात घासणं नाही. हिरडीतून रक्त आलं की आकडा खोटा वाढतो, कारण रक्तातलं कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतं. ‘उठल्यावर’ म्हटलं की लोक तोंड धुऊन आल्यावरची वेळ धरतात, म्हणून ‘जाग आल्यावर, अंथरुणातच’ असं सांगा. सातपूर-अंबडला रात्रपाळी करणाऱ्या रुग्णाची पाळी नोंदवा. दम्याचा पंप आणि त्वचेचं मलमही विचारा, त्यात स्टिरॉइड असू शकतं.

बीडीएनएफचा घोळ वेगळा. प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) ते साठवून ठेवतात आणि रक्त गोठताना सोडतात, त्यामुळे सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातला) आकडा प्लाझ्मापेक्षा (न गोठू दिलेल्या रक्तातल्या द्रवापेक्षा) अनेक पटींनी मोठा येतो. एकाची ट्यूब २० मिनिटं गोठली आणि दुसऱ्याची दीड तास, तर तुम्ही आजार नाही, गोठण्याचा वेळ मोजलात. लाल झाकणाची ट्यूब उभी ठेवून ३० मिनिटं ठरवलीत, तर सगळ्यांना ३० मिनिटंच. टायमर लावा.

सेंट्रिफ्यूजच्या नोंदीत ‘३००० आरपीएम’ (मिनिटाला फेऱ्या) लिहू नका, जी (नमुन्यावर पडणारा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) लिहा. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३००० फेऱ्यांना साधारण १५०० जी मिळतात, १० सेंमीला जेमतेम १०००. सूत्र: ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग.

पुढे बायपोलरच्या रुग्णांची लिथियम (त्यांचं एक औषध) पातळी मागितली, तर रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्या. हिरव्या झाकणाची ट्यूब मुळीच नको. तिच्यातलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं रसायन) बहुधा लिथियमयुक्त असतं, आणि गोळी न घेणाऱ्याच्या रक्तातही लिथियम दिसतं!

कक्ष_सात
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी एक गोष्ट. पीएचक्यू-९ (नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर रुग्ण केंद्रातून बाहेर पडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाला कळलंच पाहिजे. फॉर्म शुक्रवारी ट्रेमध्ये पडला आणि सोमवारी डेटा भरणाऱ्याने पहिल्यांदा वाचला, ही या कामातली सर्वांत गंभीर चूक. फॉर्म हातात घेणाऱ्यानेच तो प्रश्न तिथल्या तिथे बघायचा, वेळ आणि सही टाकायची. कोणाला फोन करायचा, तो उचलला नाही तर पुढे कोणाला, हे भिंतीवर लावा. घरी जाताना रुग्णाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या.

संमतीसाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं कलम ९९ वाचा. जो रुग्ण समजून-उमजून संमती देऊ शकत नाही, त्याच्यावरच्या अशा संशोधनाला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नातेवाइकाची सही घेऊन मोकळं होता येत नाही. उरलेला नमुना पुढच्या अभ्यासासाठी ठेवायची संमती वेगळी घ्या. ट्यूबवर नाव नको, फक्त कोड. कोड-नावाची वही कुलपात.

उणे_ऐंशी
फ्रीझरबद्दल. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होतो, पण वीज परत येतानाचा झटका कॉम्प्रेसरला मारतो, म्हणून स्टॅबिलायझर हवाच. धोक्याचा अलार्म नुसता खोलीत वाजून उपयोग नाही, दोघांच्या मोबाइलवर गेला पाहिजे. एप्रिल-मे मध्ये कंडेन्सरची जाळी महिन्याला साफ करा, खोलीला एसी ठेवा. नमुने २५०-५०० मायक्रोलिटरच्या भागांत वाटून ठेवा, म्हणजे एका चाचणीसाठी सगळाच नमुना वितळवावा लागत नाही.

नमुने बाहेर पाठवायचे असतील तर सोमवारी-मंगळवारी, म्हणजे वाटेत रविवार येत नाही. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) दिवसाला काही किलो उडून जातो, तेव्हा दुप्पट वेळ पुरेल एवढा भरा. आणि खोका हवाबंद करू नका, वायू साचून फुटतो.

द्राक्षवेल
मनापासून आभार. आधीचे नमुने जमतील तसे लावले आणि आठ आठवड्यांनंतरचे नंतर लावले तर चालेल?

नमुनापेटी
नको. एलायझाच्या प्लेट-प्लेटमधला फरक मग औषधाचा परिणाम म्हणून दिसेल. एका प्लेटच्या ९६ खाच्यांतून आठ स्टँडर्ड (माहीत मात्रेचे द्रव) आणि दोन कंट्रोल (चाचणी नीट चालली का ते बघायचे नमुने), सगळे दोनदा, असे २० जातात. उरले ७६, म्हणजे ३८ नमुने, म्हणजे १९ रुग्णांचे दोन्ही नमुने. एका रुग्णाचे दोन्ही एकाच प्लेटवर, शक्यतो शेजारी-शेजारी. एकाच नमुन्याच्या दोन खाच्यांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो नमुना पुन्हा लावा. किटवर ‘फक्त संशोधनासाठी’ असेल तर तो आकडा रुग्णाच्या केसपेपरवर जाऊ देऊ नका, डॉक्टरांनी मागितला तरी.

कक्ष_सात
पीएच.डी.चं राहिलं. लॅब चालवायला ती लागत नाही. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (रुग्णांवरच्या संशोधनाच्या नियमांचं) प्रमाणपत्र, एथिक्स कमिटीचा अर्ज स्वतः लिहिता येणं आणि थोडं संख्याशास्त्र, यावर माणूस बरंच पुढे जातो. स्वतःच्या नावावर निधी मागायचा झाला की मात्र अडतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, तुमच्या पदवीवर तिथे नोंदणी होते का ते रुजू होतानाच विचारून घ्या.