फ्रेअरचा तुटलेला पूल: पुरावा की जाहिरात?

खुंटीवरचा कोट: दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ (आताच्या क्वाझुलु-नाताळ) प्रांतात फ्रेअर नावाचं छोटं स्टेशन आहे. (हो, आपल्या मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडणारे गव्हर्नर बार्टल फ्रेअर, त्यांचंच नाव.) १८९९ मध्ये ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअरांनी (तिथल्या डच वंशाच्या लोकांनी) माघार घेताना तिथला रेल्वेपूल उडवला. पुढे ब्रिटिशांच्या ताब्यातल्या लेडीस्मिथ गावाला बोअरांचा वेढा पडलेला, आणि ब्रिटिश सेनापती बुलरच्या सैन्याची रसद याच रुळांवरून जायची. त्या पुलाच्या दुरुस्तीची बायोग्राफ कंपनीच्या विल्यम डिक्सनने घेतलेली मूकफीत आहे, मिनिटभराचीही नाही. बोअर युद्धाच्या फितींत मला हीच खरी वाटते. लढाया तर मिचेल-केन्यन या फितीवाल्या जोडीने इंग्लंडात ब्लॅकबर्नजवळ आणि एडिसनच्या कंपनीने न्यू जर्सीत बसून 'लढवल्या'. तुटक्या गर्डरचं नाटक कोण करणार?

आडवा प्रश्न: नाटक नसेल, निवड तर आहे ना! डिक्सन गेला तोच मुळी बुलरच्या जहाजातून, १४ ऑक्टोबर १८९९ ला. फिती लागल्या लंडनच्या पॅलेस थिएटरात, नाचगाण्याच्या कार्यक्रमांत. पूल जोडणारं लष्कर दिसतं. त्याच लष्कराने शेतं जाळली, नजरबंदीच्या छावण्यांत सुमारे २६ हजार बोअर बायका-मुलं मेली, ते कुठे दिसतं? काळ्या आफ्रिकनांच्या वेगळ्या छावण्यांचं तर नावच नको.

खुंटीवरचा कोट: थांबा. डिक्सन १९०० मध्येच परतला. छावण्या मुख्यतः त्यानंतरच्या. जे घडलंच नव्हतं ते त्याने कसं टिपायचं?

आडवा प्रश्न: बरं, छावण्या सोडा. ओझी उचलणारे काळे मजूर तर तेव्हाही होते. बुलरचं नाव तुम्ही पहिल्याच परिच्छेदात घेतलंत, त्यांच्यातल्या एकाचं तरी सांगा.

रीळवाला: भांडण चालू द्या, पण आधी वेग तपासा. डिक्सनचा बायोग्राफ कॅमेरा म्हणजे धूड होतं. ६८ मिमी फिल्म, नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा कितीतरी मोठं चित्र, आणि सेकंदाला ३० ते ४० चौकटी. जुन्या फितींत माणसं तुरुतुरु पळतात असा आपला समज. ही फीत २५ च्या वेगाने लावली तर उलट होतं: घाम गाळणारा माणूस झोपेत चालल्यासारखा दिसतो. एवढ्यावरून 'मजूर आळशी' म्हणणारे महाभाग मी पाहिलेत.

तुगेलाकाठ: +१. याच आघाडीवर गांधीजींच्या रुग्णवाहक पथकात सुमारे ११०० हिंदी माणसं होती, बहुतेक गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर). स्पिऑन कॉपच्या लढाईनंतर जखमींना खांद्यावर घेऊन दिवसाला २०-२५ मैल चालली. डिक्सनने तुगेला नदी ओलांडणारं रुग्णवाहक पथकही चित्रित केलंय. ते बघताना मी प्रत्येक डोक्यावर फेटा शोधत बसतो.

खुंटीवरचा कोट: वेगाचा मुद्दा मान्य. मीही बघताना 'काय रेंगाळतायत' म्हटलं होतं. मजुराचं नाव माझ्याकडे नाही, तेही मान्य. पण 'खरी' हा शब्द मागे घेणार नाही. गर्डर खराच तुटलाय.

आडवा प्रश्न: गर्डरबद्दल मी कुठे भांडतोय?