क्योतोचे रेल्वे स्थानक आई-वडिलांसह सावकाश पाहायचे आहे – मदत हवी आहे

नमस्कार.

येत्या नोव्हेंबरमध्ये मी आई-वडिलांना घेऊन जपानला जात आहे. तोक्यो, क्योतो आणि ओसाका असा बारा दिवसांचा बेत आहे. क्योतोच्या चार दिवसांपैकी अर्धा दिवस मला तिथल्या रेल्वे स्थानकासाठी राखून ठेवायचा आहे. गाडी पकडण्यासाठी नव्हे, तर एखादे देऊळ किंवा किल्ला निवांत पाहावा तसे ते स्थानक पाहण्यासाठी. घरातल्या बहुतेकांना हे पटलेले नाही. ज्या शहरात आणि त्याच्या परिसरात जागतिक वारशाच्या यादीतली १७ स्थळे आहेत, तिथे जाऊन स्टेशन काय पाहायचे, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो गैर आहे असे मी म्हणणार नाही.

माझे कारण वेगळे आहे. वडील रेल्वेत ३४ वर्षे नोकरीला होते आणि त्यातली बरीचशी वर्षे त्यांनी लहान-मोठ्या गावांत स्टेशन मास्तर म्हणून काढली. आम्ही कुठेही गेलो तरी त्यांची नजर आधी स्थानकाकडे जाई : फलाट केवढा आहे, पादचारी पूल कुठे काढला आहे, तिकीट खिडकीपासून गाडीपर्यंत म्हाताऱ्या माणसाला किती चालावे लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची १८८८ साली पूर्ण झालेली इमारत त्यांनी मला हाताला धरून कित्येकदा दाखवली आहे. त्यानंतर शंभरेक वर्षांनी स्थानक या गोष्टीचाच नव्याने विचार करून बांधलेली एक इमारत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी जे वाचले आहे ते असे. आताची इमारत १९९७ साली खुली झाली, तिचे वास्तुकार हिरोशी हारा होते, आणि क्योतो नगरीच्या स्थापनेला १,२०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने तिची आखणी झाली. लांबी ४७० मीटर, उंची ६० मीटर. आत एका बाजूला १७१ पायऱ्यांचा भव्य जिना आहे, वर गच्चीवर बाग आहे, आणि छताच्या जवळून ४५ मीटर उंचीवर एक पादचारी मार्ग जातो. हॉटेल, नाट्यगृह आणि मोठे डिपार्टमेंट स्टोअर याच इमारतीत आहेत.

आता माझ्या अडचणी सांगते. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर चालते, पण पायऱ्या उतरताना तिला फार त्रास होतो. तिला खाली बसवून आम्ही दोघांनी वर जाऊन यावे असे मला अजिबात वाटत नाही. तेव्हा तिला पायऱ्या न चढता-उतरता यातले काय काय पाहता येईल? दुसरे म्हणजे, दिवसा जावे की संध्याकाळी? तिसरे, आई-वडील दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्या इमारतीत दहाव्या मजल्यावर रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानांची अख्खी गल्ली आहे म्हणतात, तिथे त्यांना काही मिळेल का? आम्ही तोक्योहून शिनकान्सेन या अतिवेगवान गाडीने येणार असल्यामुळे सामानाचाही प्रश्न आहेच. ज्यांनी हे स्थानक नुसते ओलांडलेले नाही, तर थांबून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

मी नऊ वर्षे ओसाकाजवळ राहतो आणि भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला या स्थानकात घेऊन जातो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

काकूंच्या गुडघ्यांची काळजी करू नका. मोठ्या जिन्याच्या कडेने टप्प्याटप्प्याने सरकते जिने आहेत, आणि त्याला लागूनच असलेल्या इसेतान या स्टोअरच्या लिफ्ट अकराव्या मजल्यापर्यंत जातात. माझा सल्ला असा की आधी लिफ्टने वर जावे आणि जिना वरून पाहावा. खालून पाहिला तर तो नुसता उंच दिसतो. वरून पाहिला की त्याच्या पायथ्याचा चौक, त्यापलीकडचा लांबच लांब मोकळा भाग आणि त्यातून चाललेली माणसे एकाच नजरेत येतात. उंचीवरचा पादचारी मार्ग दहाव्या मजल्यावरून सुरू होतो. तो सपाट आहे, विनामूल्य आहे, आणि त्याच्या काचांतून समोरचा १३१ मीटर उंचीचा क्योतो टॉवर दिसतो. सावकाश चालण्यासाठी याहून चांगली जागा त्या इमारतीत नाही. सरकत्या जिन्यावर कोणत्या बाजूला उभे राहायचे हे क्योतोत ठरलेले नाही, तेव्हा पुढच्या माणसाकडे पाहून उभे राहावे.

वेळेबद्दल माझे मत ठाम आहे : सूर्यास्ताच्या तासभर आधी जा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. क्योतोत नोव्हेंबरमध्ये पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे तुम्हाला फार उशीर होणार नाही. उजेडात दर्शनी भागाच्या काचेत समोरच्या टॉवरचे प्रतिबिंब पाहता येते, आणि अंधारात जिन्याच्या १७१ पैकी १२५ पायऱ्यांमध्ये बसवलेले सुमारे १५,००० एलईडी दिवे लागून सगळा जिनाच चित्रफलक होतो. लोक पायऱ्यांवर बसून ते पाहतात. मात्र गरम कपडे जवळ ठेवा. ही इमारत दिसते बंदिस्त, पण मधला भाग खरे तर उघडा आहे; वर सुमारे ४,००० काचांचे छत आहे आणि बाजूंनी वारा थेट आत येतो. माझ्या आईला तिथे शाल पुरली नव्हती.

सामान तोक्योच्या हॉटेलातूनच क्योतोच्या हॉटेलात पाठवून द्या. या सेवेला ताक्क्यूबिन म्हणतात आणि सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे हातात ठेवा. सामान बरोबरच आणायचे असेल तर एक नियम लक्षात असू द्या : बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर शिनकान्सेनमध्ये तशा सामानाची जागा असलेले आसन आधीच आरक्षित करावे लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात.

प्रतिसाद

मी वास्तुकलेची शिक्षिका आहे. वरच्या उपयुक्त माहितीत थोडी भर घालते, कारण आपल्या वडिलांना केवळ आकडे नव्हे, तर त्यामागचा विचारही आवडेल असे वाटते.

१९९१ साली निमंत्रित वास्तुकारांच्या स्पर्धेतून हारा यांचा आराखडा निवडला गेला. स्पर्धेत तादाओ आंदो, किशो कुरोकावा आणि ब्रिटिश वास्तुकार जेम्स स्टर्लिंग यांच्यासारखी मंडळी होती. क्योतो हे डोंगरांच्या खोऱ्यात वसलेले शहर आहे, आणि हारा यांनी स्थानकाचा मधला भागही दरीसारखा कल्पिला : दोन्ही बाजूंना चढत जाणारे उतार आणि मध्ये सखल तळ, जिथे प्रवासी येतात-जातात. मोठा जिना म्हणजे त्या दरीचा पश्चिमेकडचा उतार. आठव्या शतकाच्या अखेरीस हे शहर चौकटीच्या कागदासारख्या सरळ रस्त्यांवर आखले गेले होते. त्या जुन्या रस्त्यांची आठवण म्हणून आतल्या चौकांना कारासुमा आणि मुरोमाची या रस्त्यांची नावे दिली आहेत. हे कळल्यावर पोलाद आणि काच यांचा तो पसारा एकदम वाचता येऊ लागतो. मला स्वतःला ही इमारत पहिल्या भेटीत आवडली नव्हती. दुसऱ्या खेपेस जिन्याच्या मध्यावर बसून राहिले, तेव्हा ती उलगडली.

वडिलांना दुसरी बाजूही अवश्य सांगा. इतकी उंच आणि लांब इमारत जुन्या राजधानीच्या तोंडावर उभी राहू नये म्हणून बौद्ध संस्थांसह अनेकांनी विरोध केला होता, आणि ती शहराच्या उत्तर आणि दक्षिण भागांमध्ये भिंतीसारखी आडवी आली आहे, ही टीका आजही होते. पुढे २००७ मध्ये क्योतोने शहराच्या मध्यभागातली उंचीची मर्यादा ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली. स्थानकाच्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहताना हे ध्यानात ठेवले, तर समोरची ठेंगणी घरे आणि मागचे डोंगर वेगळ्या नजरेने दिसतात. मला ही टीका अंशतः मान्य आहे, तरी तो जिना हरवावा असे मुळीच वाटत नाही. हारा यांचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दरीची कल्पना मी वडिलांना आज जेवताना सांगितली, तर त्यांनी लगेच विचारले की पावसाचे पाणी कुठून जाते! त्यांनी स्वतःहून आणखी एक प्रश्न दिला आहे. क्योतोला शून्य क्रमांकाचा फलाट आहे आणि तो जपानमधला सर्वांत लांब आहे, असे त्यांनी कुठेतरी वाचले आहे. हुबळीचा फलाट १,५०७ मीटरचा आहे हे त्यांना तोंडपाठ आहे, तरी हा पाहायचाच असे ते म्हणतात. गाडीने कुठे जायचे नसताना फलाटावर जाऊ देतात का? शाकाहाराबद्दलही कुणी लिहिल्यास बरे होईल.

प्रतिसाद

फलाटावर जाऊ देतात, पण माझ्यासारखी चूक करू नका. मी प्रवासाच्या इकोका कार्डाने आत गेलो, अर्धा तास फोटो काढले आणि त्याच स्थानकातून बाहेर पडायला गेलो, तर फाटक उघडेना. खिडकीवर जाऊन कर्मचाऱ्याला समजावून सांगावे लागले. त्यासाठी आपल्याकडच्यासारखेच फलाट तिकीट असते, ते यंत्रातून घ्यावे. ते दोन तास चालते आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. शिनकान्सेनचे फलाट दक्षिणेकडे, वेगळ्या फाटकाच्या आत आहेत, त्यामुळे ते तुम्ही तोक्योहून उतराल तेव्हाच निवांत पाहून घ्या.

शून्य क्रमांकाचा फलाट कारासुमा, म्हणजे उत्तरेकडच्या, बाजूच्या मधल्या फाटकातून आत गेल्यावर अगदी समोर आहे. एकही पायरी लागत नाही, तेव्हा काकूंनाही नेता येईल. तोच फलाट पश्चिमेकडे ३० क्रमांकाचा होतो आणि दोन्ही मिळून ५५८ मीटर भरतात. त्सुरुगाकडे जाणाऱ्या थंडरबर्ड गाड्या शून्यावरून सुटतात आणि कान्साई विमानतळाची हारुका ३० वरून. काकांना रेल्वेचीच आवड असेल तर २०१६ साली सुरू झालेले क्योतो रेल्वे संग्रहालय एकाच स्थानकाच्या अंतरावर आहे. सागानो मार्गाने उमेकोजी-क्योतोनिशीला उतरावे. बुधवारी बहुधा बंद असते.

जेवणाबाबत स्पष्ट सांगतो. रामेनच्या गल्लीवर भरवसा ठेवू नका, कारण रस्सा बहुतेक ठिकाणी डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो. नुसत्या भाज्या दिसणाऱ्या पदार्थांतही सुक्या माशांचा दाशी नावाचा रस्सा असू शकतो, आणि दुकानदाराला तो मांसाहार वाटत नाही. इसेतानच्या तळघरातल्या खाद्य विभागातून फळे, साधा भात आणि उमेबोशी, म्हणजे खारवलेले उमे हे आंबट फळ, घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घ्यावी. घरून थेपले आणि मेतकूट नेलेत तर त्या संध्याकाळची काळजीच मिटेल.

धागाकर्ती

सगळ्यांची फार मदत झाली. आता असे ठरवले आहे : दुपारी तीनला शून्य क्रमांकाचा फलाट, मग लिफ्टने वर, पादचारी मार्ग, गच्ची, आणि अंधार पडल्यावर जिन्याचे दिवे पाहून हॉटेलवर परत. वडिलांनी फलाटांचा नकाशा छापून घेतला आहे आणि त्यावर शिसपेन्सिलीने एक शंका लिहून ठेवली आहे. शून्यानंतर एकदम दोन क्रमांक येतो, मग एक कुठे गेला?

प्रतिसाद

एक क्रमांकाची रुळवाट आहे, पण तिला फलाट नाही. शून्य आणि दोन यांच्यामधून मालगाड्या न थांबता जातात, ती तीच. काका फलाटावर उभे असताना एखादी गेली, तर त्यांना लगेच कळेल.