आरोग्यसेविकेने उपकेंद्राच्या गावीच मुक्कामाला राहावं का?

माळरान:
आमच्या उपकेंद्रात दुपारनंतर सिस्टर भेटत नाहीत. तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात. गेल्या पावसाळ्यात भावजयीला पहाटे कळा सुरू झाल्या. आशाताई लगेच आल्या, १०२ ला फोन लागला, पण गाडी येईपर्यंत बीपी बघायलाही कोणी नाही. उपकेंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आत अंधार! मुख्यालयी राहत नसतील तर घरभाडे भत्ता बंद करा. तो भत्ता मिळायला 'सिस्टर इथेच राहतात' असा ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि तो आपणच न वाचता मंजूर करतो.

घाटवाट:
मी स्वतः आरोग्यसेविका आहे. क्वार्टर बघितलंय का कधी? स्लॅब गळतो, न्हाणीघराला कडी नाही. एका रात्री दारू प्यालेला माणूस 'इंजेक्शन द्या' म्हणत कितीतरी वेळ दार बडवत होता. शेजारी वस्ती नाही, मी एकटी. दुसऱ्या दिवशी गावातलं कोणी विचारायलाही आलं नाही.
आणि दिवसा 'सिस्टर जागेवर नसतात' म्हणता, तर कुठे असतात तेही ऐका. लसीकरण वाडीवर असतं. बीसीजीची कुपी उघडली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. त्यामुळे बाळं जमेपर्यंत वाडीतच बसावं लागतं. परत आल्यावर रजिस्टर, मग तीच माहिती पोर्टलवर. रेंज नसेल तर ते काम घरी.

माळरान:
ताई, त्या रात्रीचं वाचून वाईट वाटलं. पण आमच्या बाईने त्या पहाटे जायचं कुठे?

जुनाकर्मचारी:
आरोग्य खात्यात नोकरी झाली माझी, म्हणून सांगतो. निकष मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा आहे. माणसं मोजली, डोंगर कोणी मोजला नाही. ३,००० माणसं आठ-दहा पाड्यांत विखुरलेली असली की एक बाई सकाळी एका टोकाला आणि रात्री उपकेंद्रात, असं रोज कसं जमणार? दुसरी सेविका द्या, मग मुक्कामाची सक्ती करा. एकीलाच चोवीस तास बांधून ठेवणं मला पटत नाही.

नदीकाठ:
दुसरी सेविका कशाला? २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होत गेली, समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांना राहायला सांगा.

जुनाकर्मचारी:
आपल्याकडचे बरेचसे बीएएमएस आहेत आणि कंत्राटी आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्या आता गावातच मिळतात, ते चांगलंच झालं. पण रात्रीच्या बाळंतपणाला बायका सिस्टरलाच हाक मारतात, कारण नऊ महिने तपासणी तिनेच केलेली असते.

पांढरीचीमाती:
माझं मत दोन्हीकडच्यांपेक्षा वेगळं आहे. उपकेंद्रात बाळंतपण करण्याचा आग्रहच सोडा. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला की ऑक्सिटोसिन लागतं. ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि आमच्याकडे वीज जाते ती दुसऱ्या दिवशी येते. त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिन्ही पाळ्यांना स्टाफ नर्स आणि दाराशी गाडी, यावर पैसा घाला.

घाटवाट:
हे ऐकायला बरं वाटतं, पण ओढ्याला पूर आला की गाडी अलीकडेच थांबते. तेव्हा पलीकडच्या बाईला कोण बघणार? उपकेंद्र हवंच, फक्त बाईला सुरक्षित राहता येईल असं हवं.

माळरान:
मग एक करू. उपकेंद्राच्या जनआरोग्य समितीचा अध्यक्ष सरपंच असतो आणि उपकेंद्राला अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी येतो. येत्या ग्रामसभेत आधी कडी, दिवा आणि कुंपण मांडतो, स्लॅबसाठी जिल्हा परिषदेकडे ठराव पाठवायला लावतो. पण काम झाल्यावरही क्वार्टर रिकामं दिसलं, तर घरभाड्याच्या ठरावाला हात वर करणार नाही.

घाटवाट:
चालेल. फक्त त्या ठरावात दुसऱ्या सेविकेची मागणीही लिहा. नाहीतर मी वाडीवर असताना तुम्ही पुन्हा कुलूपच बघाल.