‘किन-द्झा-द्झा’ सुचवू नका म्हणणाऱ्यांसाठी

वाळूघड्याळ:
कुणीतरी विनोदी, उपरोधिक साय-फाय सिनेमा सुचवा म्हणालं, तर काल उत्तर आलं, “किन-द्झा-द्झा सुचवणारे स्वतः पूर्ण बघत नाहीत. सव्वादोन तास वाळू आणि ‘कू’. व्यंग आहे तर हसू कुठंय?” याला तिथे दोन ओळीत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे.

‘किन-द्झा-द्झा’: 1986, सोव्हिएत स्टुडिओ मॉसफिल्म, दिग्दर्शक गिओर्गी दानेलिया. पाव-मॅकरोनी आणायला निघालेला मॉस्कोचा बांधकाम मुकादम आणि व्हायोलिन घेऊन चाललेला जॉर्जियन पोरगा, एका अनवाणी माणसाच्या यंत्राचं बटण दाबलं जाऊन प्लूक ग्रहाच्या वाळवंटात पडतात. हसू आहे ते तिथल्या नियमांत. प्लूकवर सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे आगकाडी, केत्से. थोड्या काड्या असल्या की पिवळी विजार घालायचा हक्क, मग पात्साकाने तुमच्यापुढे एकदा नाही, दोनदा खाली बसायचं. पुष्कळ असल्या की किरमिजी विजार: पात्साक दोनदा बसणार, चाटलानिनसुद्धा ‘कू’ म्हणणार, आणि एत्सिलोपने, म्हणजे पोलिसाने, तुम्हाला रात्री मारायचं नाही. दिवसाचं काही म्हटलेलं नाही.

चाटलानिन आणि पात्साक हे तिथले दोन वर्ग. कोण कुठला? विझातोर नावाचं यंत्र रोखायचं; नारिंगी दिवा लागला तर चाटलानिन, हिरवा लागला तर पात्साक. फरक काय म्हणून विचारलं तर उलट तुम्हालाच विचारतात, रंगांधळा आहेस का? प्लूक चाटलानिनांचा, म्हणून पात्साकांच्या नाकात घंटी. हानुद ग्रहावर तीच घंटी चाटलानिनाच्या नाकात. आणि आपला रशियन मुकादम आणि जॉर्जियन पोरगा, दोघंही हिरवे. हे सोव्हिएत स्टुडिओतून 1986 साली बाहेर आलंय. याच्यावर हसू येत नसेल तर दोष वाळूचा नाही.

तिरकस_तीर:
काल लिहिणारा मीच. तुम्ही लिहिलेलं वाचताना हसलो, सिनेमा बघताना नाही हसलो. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.
विनोद शब्दांवर उभा आहे आणि शब्दकोश पडद्यावर येतो दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला. तासभर उलटून गेल्यावर! तोवर नवखा माणूस त्साक, एत्सिख, लुत्स असल्या प्लूकच्या शब्दांत गटांगळ्या खातो. यापेक्षा 2013 चं अ‍ॅनिमेशन सुचवा. दिग्दर्शक तोच (सोबत तात्याना इलिना), लांबी कमी, मुकादमाऐवजी चेलोवादक, वेग बरा.

जुनी_कॅसेट:
अ‍ॅनिमेशन? मूळ सिनेमात काराकुमची खरी वाळू आणि खरा गंज आहे. लेओनोव आणि याकोव्लेव हे नट पिंजऱ्यात उकिडवे बसून जे बेसूर गातात, ते चितारून येत नाही. शब्दकोश उशिरा येतो तोच तर विनोद! ‘क्यू’ म्हणजे समाजमान्य शिवी आणि ‘कू’ म्हणजे बाकीचे सगळे शब्द. हे आधी सांगून टाकलं तर उरलं काय?

वाळूघड्याळ:
+1. आणि ‘कू’वरून दानेलियाची झोप उडाली होती. चित्रपट होत होता तेव्हा सत्तेवर कॉन्स्तांतीन उस्तीनोविच चेर्नेन्को, आद्याक्षरं ‘कू’. मार्च 1985 मध्ये ते वारले आणि प्रश्न मिटला. पाठोपाठ गोर्बाचोवची दारूविरोधी मोहीम आली, आणि पोराजवळच्या चाचा नावाच्या जॉर्जियन दारूचा संवादात व्हिनेगर झाला.

घडीपत्रिका:
किस्से पुरे. लोक अर्ध्यात का सोडतात त्याचं कारण सबटायटल. इंग्रजीतलं ‘पी-ए-टी-एस-ए-के’ आपण ‘पटसाक’ वाचतो. रशियन ‘ц’ म्हणजे मराठीतला ‘चमचा’मधला च. नाकातली घंटी, जिला सगळे ‘त्साक’ लिहितात, तिचा उच्चार मराठी ‘चाक’सारखाच. मराठीत उच्चार आयता असताना ‘त्स’ची जोडाक्षरं कशाला? चाक, पाचाक, केचे, एचिख, लुच असं लिहा.

जुनी_कॅसेट:
आणि ‘नाकात चाक घाल’ वाचून लोक बैलगाडी शोधणार!

घडीपत्रिका:
तुम्ही ‘चोर’ आणि ‘चूल’ वाचता तेव्हा ‘त्सोर’, ‘त्सूल’ लिहून मागता का?

भाषाशुद्धीचा_कंटाळा:
घडीपत्रिका, उदाहरणं सोयीची निवडलीत. त्साक आणि पात्साकपुरतं ठीक. पण इ-ए च्या आधी मराठी च सहसा तालव्यच होतो: चिंच, चेंडू. ‘केचे’ आणि ‘एचिख’ मराठी माणूस तालव्यच वाचणार. वर ‘चाटलानिन’चा च खरंच तालव्य आहे. म्हणजे एकाच ओळीत ‘चाटलानिन’ आणि ‘पाचाक’, अक्षर एकच, उच्चार दोन, वाचणाऱ्याकडे दीड सेकंद. नुक्ता द्यायचा तर च़ लिहा, पण टीव्हीच्या यूएसबी प्लेयरवर तो ठिपका बहुतेक वेळा चौकोन होतो.

घडीपत्रिका:
टीव्हीवर ‘त्स’सुद्धा फुटून ‘त् स’ दिसतो, ते सोयीस्कर विसरलात.

तिरकस_तीर:
चित्रपट बघावा की नाही असा प्रश्न होता हो.

भाषाशुद्धीचा_कंटाळा:
तोच चाललाय. शब्दांचं मूळ धरा. सहलेखक गाब्रियाद्झे जॉर्जियन, दानेलियाही जॉर्जियन. ‘पेपेलात्स’ जॉर्जियन ‘पेपेला’वरून, म्हणजे फुलपाखरू, आणि यान तर दिसतं पालथ्या बादलीसारखं. ‘एत्सिख’ म्हणजे पेटीतला तुरुंग, ‘त्सिखे’ म्हणजे किल्ला, तुरुंग. ‘एत्सिलोप’ म्हणजे उलटा लिहिलेला इंग्रजी ‘पोलिस’. तुमच्या ‘एचिलोप’मधून पोलिस दिसतो का? ‘एत्सिलोप’ उलटं वाचलं तर निदान स सापडतो.

घडीपत्रिका:
हं. एत्सिलोपपुरतं मान्य. चाक सोडणार नाही.

वाळूघड्याळ:
बरं, ज्यांना खरंच बघायचंय त्यांच्यासाठी. मॉसफिल्मच्या यूट्यूब चॅनलवर दोन भागांत आहे, इंग्रजी सबटायटलसह. वेगळी फाइल जोडणार असाल तर आधी लांबी बघा. सेकंदाला 24 फ्रेमवर सुमारे 135 मिनिटं, 25 वर नेलेली प्रत साधारण 129 ते 130. चुकीची जोडी लागली तर सुरुवातीला सगळं जुळतं आणि शेवटी पाचेक मिनिटांचं अंतर पडतं. व्हीएलसीत जी आणि एच दाबून 50-50 मिलिसेकंद सरकवण्यात अर्थ नाही, त्याने स्थिर अंतर जातं, वाढत जाणारं नाही. सबटायटल एडिटमध्ये फ्रेमरेट बदला आणि देवनागरी फाइल यूटीएफ-8 म्हणून साठवा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं.
आणि लोकहो, एका बैठकीत बघू नका. तो दोन भागांतच बनलाय. पहिला भाग एका रात्री, दुसरा दुसऱ्या.

तिरकस_तीर:
म्हणजे सव्वादोन तास सलग बसवत नाही हे तुम्हालाही कबूल.

वाळूघड्याळ:
दोन बैठका म्हणालो. रटाळ म्हणालो नाही.

जुनी_कॅसेट:
तिरकसराव, तुमची प्रत किती मिनिटांची होती?

तिरकस_तीर:
129. आणि सबटायटल 24 वाले. हो, आलं लक्षात, हसू नका. विनोद सव्वा मिनिट उशिरा पोचत होता, तेही अर्ध्या तासातच. पण वाळू भरपूर आहे हे मी मागे घेत नाही.

घडीपत्रिका:
सव्वा मिनिट बरोबर. फाइलमधल्या वेळा आता 24/25 ने गुणून दुरुस्त करताय की उलटं? कारण उलटं केलंत तर अंतर दुप्पट होईल.

तिरकस_तीर:
…उलटं केलं होतं.