उंदीर-मांजरं हटवल्यावर समुद्रपक्षी बेटावर खरंच परत येतात का?

पाणभोवरा:
गफ बेटाबद्दल वाचल्यापासून चैन पडत नाहीये. दक्षिण अटलांटिकमधलं हे एकाकी बेट. जहाजांतून आलेले साधे घरउंदीर तिथे ट्रिस्टन अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांना जिवंतपणी कुरतडून खातात. पिल्लू उंदराच्या कित्येक पट मोठं, तरी ते घरट्यात बसूनच राहतं. जमिनीवरून शत्रू येतो हे या पक्ष्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊकच नाही. २०२१ मध्ये तिथे हेलिकॉप्टरनं विषारी आमिष टाकलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅमेऱ्यात पुन्हा उंदीर दिसला. मला विचारायचंय ते हे, की जिथे मोहीम यशस्वी झाली तिथे पक्षी परतले का? आणि किती वर्षांनी?

शिडाचं_तारू:
परतले. पण सगळीकडे सारख्या वेगानं नाही, आणि मला यातली वेगाची गोष्टच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

ब्रिटनजवळचं लंडी बेट घ्या. उंदीर काढण्याआधी, २००१ मध्ये, मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या जेमतेम ३०० जोड्या उरल्या होत्या. २००२ ते २००४ या काळात उंदीर संपवले. २०१७-१८ च्या मोजणीत साडेपाच हजार जोड्या! आता हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो आणि वीण सुरू करायलाच त्याला पाच-सहा वर्षं लागतात. नुसत्या लंडीवर जन्मलेल्या पिल्लांच्या जोरावर एवढी वाढ होणं अवघड. जवळच स्कोमर आणि स्कोकहोम ही बेटं आहेत, तिथे याच पक्ष्याच्या लाखो जोड्या. तिथली तरुण पाखरं बिळं शोधत लंडीवर उतरली.

पण शेजार असला म्हणजे झालं, असंही नाही. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर १८१५ मध्ये मांजरं आणली ती उंदीर मारायला. त्यांनी असेन्शन फ्रिगेटबर्ड या समुद्रपक्ष्याची मुख्य बेटावरची सगळी वीण संपवली. जगात फक्त इथेच सापडणारा हा पक्षी शेवटी हाकेच्या अंतरावरच्या बोट्सवेनबर्ड नावाच्या खडकावर तगून राहिला. शेवटचं रानटी मांजर दिसलं २००४ मध्ये. मुख्य बेटावर पहिलं घरटं झालं २०१२ च्या अखेरीस, दीडशेहून अधिक वर्षांनी. खडकावरून बेट रोज दिसत होतं, तरी मांजरं गेल्यावरही आठ वर्षं गेली. हे पक्षी जिथे जन्मले तिथेच परतून घरटी करतात. नवी जागा पत्करायला त्यांना फार वेळ लागतो. ते पहिलं घरटं दिसलं तेव्हा तिथल्या लोकांना काय वाटलं असेल, याचा विचार मी अजूनही करते.

खारवारा:
दुसरी बाजूही मांडतो. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या मॅक्वेरी बेटावर २००० मध्ये मांजरं संपली, तेव्हा राखाडी पेट्रेल हे समुद्रपक्षी पुन्हा वीण करू लागले. पण सशांची संख्या भरमसाट वाढली, त्यांनी गवत आणि झुडपं फस्त केली, उतार उघडे पडून खचले. मग ससे, मोठे उंदीर आणि छोटे घरउंदीर असे तिन्ही एकदम काढायचं ठरलं. २०१० मध्ये विष टाकलं, तर मेलेले ससे खाऊन स्कुआ आणि जायंट पेट्रेल हे समुद्रपक्षी मेले. हे मला विसरता येत नाही. ज्यांच्यासाठी मोहीम, तेच मारायचे?

शिडाचं_तारू:
खारवारा, तुमचं दुःख मला पटतं, पण पुढचं वर्ष वगळू नका. २०११ ला पुन्हा सुरुवात करण्याआधी सशांमध्ये कॅलिसीव्हायरस हा त्यांना मारणारा विषाणू सोडून त्यांची संख्या आधीच कमी केली, आणि माणसं हिंडून मेलेली जनावरं उचलत होती, म्हणजे पक्ष्यांपर्यंत विष कमी पोचावं. २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं. स्कुआ मेले ही किंमतच होती, ती लपवू नये. पण काहीच न करण्याचीही किंमत असते. दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरियन बेटावर १९४९ मध्ये आणलेल्या पाच मांजरांची संख्या सत्तरच्या दशकात दोन हजारांच्या वर गेली होती आणि ती वर्षाला चार लाखांहून अधिक पक्षी मारत होती, असा तेव्हाचा अंदाज. १९९१ पर्यंत मांजरं संपवली. आता तिथले घरउंदीर अल्बट्रॉसवर उठलेत, थेट गफसारखेच.

पाणभोवरा:
आणि आसपास एकही वसाहत उरली नसेल तर? पक्षी येणार कुठून?

शिडाचं_तारू:
मग बोलवावं लागतं. अमेरिकेच्या मेन राज्यात ईस्टर्न एग रॉक या बेटावरचे पफिन हे समुद्रपक्षी शिकारीनं संपले होते. पक्षीतज्ज्ञ स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणून तिथे वाढवली, खडकांवर लाकडी पफिन उभे केले. १९८१ मध्ये पहिल्या जोड्यांनी घरटी केली. रात्री वसाहतीत येणाऱ्या पेट्रेलसाठी लाकडी पक्षी कामाचे नाहीत, त्यांना ध्वनिक्षेपकावरून त्यांच्याच जातीचे आवाज ऐकवतात. तेव्हा गफचं पुढे काही झालं, तरी पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रौढ पक्ष्यांचे आकडे वाढलेले शोधू नका. ट्रिस्टन अल्बट्रॉस एक वर्ष सोडून वीण करतो, पिल्लं वीण करायला लागायला वर्षानुवर्षं जातात. आधी घरट्यातून उडून जाणाऱ्या पिल्लांचा आकडा बघा, फरक पडला तर तो तिथे पहिल्याच हंगामात दिसेल.